शेवटचा थर

तिची डावी पापणी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. गेल्या आठवड्यात एका सकाळी ती चहासाठी स्वयंपाकघरात आली तेव्हा ती पापणी भिजवलेल्या शेंगदाण्यासारखी टम्म फुगली होती आणि तिच्याखालून डोळा फटीतून बघावं तसा माझ्याकडे बघत होता. "झोप नीट झाली नाही," ती म्हणाली आणि कप घेऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. पाठमोरी उभी राहून चहा पिणारी मुलगी काहीतरी लपवते आहे, एवढं कुठल्याही आईला कळतं. काय लपवते आहे ते कळायला मला बरेच दिवस लागले. आता कळलं आहे, पण ते कोणाला पटवून देता येत नाही. हे केव्हाच झोपले. मी जेवणाच्या टेबलाशी बसून तिच्याबद्दल लिहिते आहे. लिहायला बसलं की डोक्यातला गुंता थोडा सुटतो, असं मला आपलं वाटतं.

ती म्हणजे माझी धाकटी मुलगी. घरात तिला सगळे बारकी म्हणतात. उंचीने ती केव्हाच माझ्या पुढे गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

बारकी दात बनवते. असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे दातांची डॉक्टर?" मग समजावून सांगावं लागतं. डॉक्टर दात घासतो, कोरतो, तोंडाचं माप घेतो. ते माप एका डबीतून लॅबमध्ये येतं आणि तिथे लांब टेबलाशी बसलेली चार-पाच माणसं त्यावरून नवा दात घडवतात. तो ज्याच्या तोंडात जायचा असतो तो माणूस त्यांना कधी दिसत नाही. दिसतो तो प्लॅस्टरचा जबडा, आणि सोबत आलेला रंगाचा नंबर. पण बारकीला जबड्यावरून माणूस कळतो. "हा झोपेत दात खातो, आई. ही एकाच बाजूने चावते. आणि या काकांनी जन्मभर पेनाची टोपणं चावलीयत." बातम्या लागल्या की ती आवाजाकडे लक्षच देत नाही. "खालचे खरे. वरचे चार आमच्यासारख्या कोणाचे तरी," असं म्हणून मोकळी होते. हे म्हणतात, "हिच्यासोबत बातम्या बघणं म्हणजे बाजारात बैल बघायला जाणं."

शाळेत ती हुशार नव्हती आणि ढही नव्हती. तिच्या दादाचं सगळं पहिल्यापासून सरळ रेषेत गेलं, तो आता लांब असतो आणि रविवारी फोन करतो. बारकीला फक्त रंग कळायचे. दोन निळ्या मोज्यांमधला एक जास्त धुतलेला आहे, हे ती लांबून सांगायची. या नजरेचं काय करायचं हे आम्हाला कोणालाच सुचत नव्हतं. शेवटी एका ओळखीच्या बाईंनी लॅबचं सुचवलं. तिथल्या मोठ्या कारागिराला सगळे काका म्हणतात. त्यांनी तिला हाताला धरून शिकवलं आणि पहिल्या महिन्यातच मला सांगितलं, "बाई, हिला शिकवायचं काही नाही. हिला फक्त थांबायला शिकवायचंय."

थांबणं हेच त्या कामातलं कौशल्य. चिनी मातीसारखी एक बारीक पूड असते. ती पाण्यात कालवून ब्रशच्या टोकाने साच्यावर ठेवायची. पहिला थर दाट, खालचं सगळं झाकणारा. मग त्यावर दाताच्या पोटाचा पिवळसर थर, मग कडेचा धुरकट, जवळजवळ आरपार दिसणारा. प्रत्येक थर भट्टीच्या तोंडाशी धरून आधी हळूहळू वाळवायचा, मगच आत घालायचा. ओला आत गेला तर पाण्याची वाफ होते आणि दात तडकतो. सगळ्यात शेवटी चकाकी. ती एकदाच. तिच्यानंतर त्या दाताला हात लावायचा नाही. बारकी ब्रेडला लोणीसुद्धा असंच लावते. पातळ थर, थांबणं, पुन्हा पातळ थर. यांचा ब्रेड तोवर खाऊन झालेला असतो.

आता तिच्या चेहऱ्याबद्दल लिहायला हवं, कारण प्रश्न तिथलाच आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षी तिला पुटकुळ्या सुरू झाल्या. त्या गेल्या, पण जाताना डाग ठेवून गेल्या. दोन्ही गालांवर, हनुवटीवर, काही काळपट, काही खोलगट. घरात आम्हाला ते दिसेनासे झाले होते. बाहेरच्यांना मात्र दिसायचे, आणि प्रत्येकाकडे एक उपाय असायचा. माझी बहीण दर भेटीत म्हणायची, "पोट साफ ठेव गं, बाकी काही नाही." एकदा बारकी म्हणाली, "मावशी, लोकांना माझं पोट दिसत नाही, तोंड दिसतं." सगळे हसले. ती पण हसली. तिची तीच पद्धत आहे, दुसऱ्याच्या आधी आपण हसायचं. लॅबमध्ये पुडीच्या धुळीमुळे दिवसभर मास्क लावावा लागतो. बाकीच्यांना त्याचा वैताग येतो. हिने तो घरी येईपर्यंत काढलेला मी पाहिला नाही.

तीन-चार महिन्यांपूर्वी लॅबच्या मॅडमनी तिला पहिल्यांदा एका दवाखान्यात पाठवलं. समोरच्या दातांचं काम असलं की नुसत्या नंबरावर भागत नाही. दात बनवणाऱ्यानेच पेशंटसमोर बसून रंग जुळवला तर काम चोख होतं. छोट्या छोट्या नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते. त्यातला एकेक ओठाशी धरून बघायचा, तेही खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. बारकीने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. संध्याकाळी घरी आली आणि जेवताना तिने आम्हाला सगळं नक्कल करून दाखवलं. पेशंट एक बाई होत्या, गळ्यात मोत्यांची माळ. त्यांचा ओठ बघायचा म्हणून ही अगदी जवळ वाकली. डॉक्टर म्हणाले, "मास्क काढ, बोललेलं कळत नाही." हिने काढला. मोत्यांच्या बाईंनी हिच्याकडे बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "हिला स्वतःच्या तोंडाचा रंग एकसारखा करता येत नाही, माझ्या दातांचा काय जुळवणार?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, मॅडम, तुमचे दात माझ्या तोंडापेक्षा सोपे आहेत." आणि ती खो खो हसली. हे पण हसले. मी ताट घेऊन उठले.

त्या बाईंनी दुसरी मुलगी मागितली. मॅडमनी चष्मिशला पाठवलं. चष्मिश म्हणजे बारकीच्या शेजारी बसणारी मुलगी, स्वभावाने गरीब, भलामोठा चष्मा लावणारी. तिने रंग जुळवला, काम तिच्याकडे गेलं.

त्यानंतर घरात बाटल्या यायला लागल्या.

पहिली आली ती गोगलगायीची. बाटलीवर गोगलगायीचं चित्र, आत पारदर्शक, चिकट, तार सुटणारं काहीतरी.

"बारके, हे काय आहे?"

"कोरियन आहे. गोगलगायीचा स्राव."

"लाळ म्हण ना."

"स्राव म्हणतात, आई."

"बाथरूममध्ये गोगलगाय निघाली की तू स्टुलावर उभी राहून मला हाका मारतेस. आणि आता तिची लाळ तोंडाला?"

"ती चालते म्हणून भीती वाटते. ही बाटलीत आहे."

मग सॅमन माशाचं काहीतरी आलं, छोट्या कुप्यांमध्ये. मग आंबवलेल्या तांदळाचं पाणी, ज्वालामुखीच्या राखेचा लेप, गाढविणीच्या दुधाचा साबण. हे रोज नवीन बाटली हातात घेऊन चष्मा कपाळावर चढवून वाचायचे. "आता हत्ती तेवढा राहिला."

"बाबा, तुम्ही आयुष्यभर एकच साबण वापरलात."

"आणि लग्न झालं माझं."

"आईला विचारा कसं झालं ते."

हसण्यावारी जायचं सगळं. पण रात्रीचं तिचं ते बसणं हसण्यासारखं नव्हतं. जेवण झालं, भांडी झाली की ती खोलीत जायची. आधी तेलाने तोंड धुवायचं, मग फेसाने. मग एक पाणी, मग गोगलगाय, मग आंबवलेलं, मग मासा, मग मलम. मी एकदा सुकलेले कपडे ठेवायला गेले तर ती तिच्या चित्रांच्या टेबलाशी बसली होती. तिथे जुना वाकवता येणारा दिवा आहे, पिवळ्या बल्बचा, हात धरवत नाही इतका तापतो. तो तिने तोंडाच्या अगदी जवळ आणला होता. डोळे मिटलेले, हनुवटी वर.

"हे काय गं?"

"वाळवतेय. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही."

"बाटलीवर असं लिहिलंय का?"

"बाटलीवाल्यांना थर कळत नाहीत. मला कळतात." मग डोळे न उघडताच म्हणाली, "कोरियातल्या मुलींचा चेहरा बघितलायस? काचेसारखा असतो. उजेड वरून आपटून परत येत नाही, आत जातो आणि मग येतो. आमच्या चांगल्या दातासारखा. तो एका थरात होत नाही, आई. कशातच होत नाही."

ती चेहऱ्याचा दात करत होती. मला त्या वेळी ते थोडं मजेशीर आणि थोडं केविलवाणं वाटलं, इतकंच.

सकाळी उठली की मला खिडकीत उभं करायची. "दिव्यात रंग खोटा दिसतो. इथे बघ. कालपेक्षा काय?" मी काय सांगणार? सुरुवातीला खरंच जरा तुकतुकी आली होती. तसं सांगितलं की दिवसभर ती गुणगुणायची. मग गाल लाल दिसायला लागले. मग नाकाच्या कडेला साल निघायला लागली. मी म्हटलं, "पुरे कर आता." ती म्हणाली, "खालचा थर निघतोय. निघणारच."

अशात लॅबमधून बातमी आली. मोत्यांच्या बाईंचे दात दोनदा परत आले होते. चष्मिशने जुळवलेला रंग दिव्यात बरा दिसायचा, उन्हात वेगळा. डॉक्टरांनी मॅडमना सरळ सांगितलं की ती पहिली मुलगी पाठवा. मॅडमनी बारकीला बोलावून विचारलं, "जाशील? हे काम जमलं तर यापुढे त्या दवाखान्याचं रंगाचं सगळं तू बघायचं." मागच्या टेबलावरून पुढे यायचं, माणसांच्या तोंडासमोर बसायचं, असं ते काम. तिच्या आयुष्यात तिला कोणी आपणहून मागून घेतलं असं हे पहिल्यांदाच झालं. ती नाही कशाला म्हणेल? पण तिला त्याच बाईंसमोर मास्क काढून बसायचं होतं. आणि तोवर चेहरा तयार करायचा होता.

तो दिवस उद्या आहे.

पापणी सुजली ती त्या बातमीनंतर. दुपारपर्यंत सूज गालावर उतरली म्हणे. संध्याकाळी घरी आली तेव्हा थोडी ओसरली होती. मी डॉक्टरकडे चल म्हटलं. तिने आरशात बघून निदान केलं, "भट्टी जास्त झाली." म्हणजे दिवा जास्त जवळ आला. आणि तिने दिवा मागे सरकवला. वीतभर. बाकी सगळं तसंच.

मलाही दिव्याचंच वाटलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि मी बल्ब काढून कपाटात ठेवला. रात्री ती हातात रिकामा दिवा घेऊन बाहेर आली.

"बल्ब कुठाय?"

"माझ्याकडे."

"दे."

"नाही देणार. रोज तोंड भाजून घेतेस."

"तोंड माझं आहे."

"नऊ महिने माझ्याकडे होतं ते."

"मग तेव्हाच नीट करून द्यायचं होतंस."

यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तिच्याही लक्षात आलं असावं की आपण काय बोललो, कारण तिचा खालचा ओठ हलला. पण शब्द बाहेर पडला तो पडला. ती खोलीत गेली, बाटल्या एकेक करून टॉवेलमध्ये गुंडाळल्याचा आवाज मला इथे ऐकू आला, आणि पिशवी घेऊन ती दाराशी आली. "मी चष्मिशच्या खोलीवर राहते. लॅब जवळ पडते तिथून. ते काम होईपर्यंत मला फोन करू नकोस, आई. प्लीज. केलास तर मी परत येणार नाही." हे उठून दारापर्यंत गेले. "अगं, जेवून तरी जा." ती गेली.

रिकाम्या खोलीत आई काय करते? केर काढते. तिच्या टेबलाखालच्या डब्यात कापसाचे बोळे, रिकाम्या कुप्या आणि त्यात एक सोनेरी पुडी होती, शांपूची नमुन्याची असते तेवढी. तिच्यावर मधमाशी काढलेली. मला आधी वाटलं मध असेल. मग भिंग आणून बारीक अक्षरं वाचली. मध नव्हता. मधमाशीचं विष होतं.

मी तिथेच तिच्या खुर्चीवर बसले. बारकी तिसरीत असताना तिला माशी चावली होती. माझ्या बहिणीच्या बागेत, झोपाळ्यावर, हाताच्या बोटाला. हात खांद्यापर्यंत सुजला, दोन्ही पापण्या मिटल्या, ओठ जाड झाले आणि मग ती घरघर श्वास घ्यायला लागली. गल्लीच्या तोंडावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सुई दिली तेव्हा कुठे ती निवळली. त्यानंतर मी कित्येक वर्षं घरात फुलं आणली नाहीत.

म्हणजे पापणी दिव्याने सुजली नव्हती. त्याच्या आदल्या रात्री तिने ही पुडी डोळ्याखाली लावली होती.

मी तिची अट मोडून परवा फोन केला. तिने उचलला. मी पुडीचं सांगितलं.

"आई, तू माझा कचरा उपसतेस?"

"अगं, तुला मधमाशीचं सोसत नाही. आठवतंय ना, मावशीच्या बागेत..."

"ती गांधीलमाशी होती."

"मधमाशी होती."

"गांधीलमाशी. बाबांना विचार. आणि मध नाही का खात मी? काही होतं का मला? पापणी दिव्याने सुजली, मी दिवा लांब केला, सूज गेली. अजून काय पाहिजे तुला?"

"तू ते परत लावणार आहेस?"

"पूर्ण डबी आणलीय. पण रोज नाही लावायची ती. ती चकाकीची आहे. आदल्या रात्री, सगळ्यात शेवटी, पूर्ण चेहऱ्याला, एकदाच. आता ठेवते मी. हा शेवटचा फोन, आई."

यांना विचारलं. यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "गांधीलमाशीच. तुझ्या बहिणीकडे पत्र्याखाली पोळं होतं त्यांचं. नंतर माणूस बोलावून काढून टाकलं ना." मी म्हटलं, "नक्की?" तर म्हणाले, "अगं, मी स्वतः बघितलं ते पोळं. तू उगाच तिच्या मागे लागू नकोस. तिचं ते काम होऊ दे, हसत घरी येईल."

दोघांचं एकमत. डॉक्टर आता नाहीत, ते वारले. बहीण म्हणते, "माशी होती एवढं आठवतं बाई, तिला नाव कुठे विचारलं होतं?" मी एकटी एका बाजूला, आणि माझ्याकडे पुरावा काय, तर मला आपलं वाटतं. पुन्हा फोन करून मी वेगळं काय सांगणार होते? 'मला वाटतं' हे दोन शब्द तिने माझ्याकडून इतक्या वेळा ऐकले आहेत की त्यांचा थर तिच्यावर चढतच नाही. तरी लावून पाहिला, तर तिने दोनदा कापला. चष्मिशला मी निरोप पाठवला की हिच्यावर लक्ष ठेव. आज जेवणाच्या वेळी तिचं उत्तर आलं. "काकू, काळजी करू नका, ती एकदम मजेत आहे. उद्याचा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. आज रात्री शेवटचं काहीतरी लावून झोपणार म्हणत होती. मी तर आत्ताच आडवी होणार."

तेव्हापासून ती पापणी माझ्यासमोर आहे. एक पुडी, तीही एका डोळ्याखाली, आणि एवढी सूज. आता पूर्ण डबी, पूर्ण चेहरा, ओठांपर्यंत. तिथेच सोललेली कातडी. आणि शेजारी चष्मिश चष्मा काढून गाढ झोपलेली.

इथवर लिहून मी पाणी प्यायला उठले होते. परत येऊन वरचं वाचलं. 'सुई दिली तेव्हा कुठे ती निवळली,' असं मी लिहिलं आहे. ते वाक्य वाचताना मला जाणवलं की मी सुईच्या आधीचं काहीतरी गाळलं.

सुईच्या आधी डॉक्टरांनी तिचं बोट दिव्याखाली धरलं होतं. चिमटा वापरला नाही त्यांनी. अंगठ्याचं नख आडवं धरून खरवडल्यासारखं केलं आणि कापसावर काहीतरी उतरवलं. काळा ठिपका, त्याला चिकटलेली इवलीशी पिशवी. ती पिशवी अजून हलत होती. सुई देऊन झाली, श्वास थोडा मोकळा झाला, तेव्हा त्यांनी तो कापूस तिला दाखवला. "बघ, हिचा डंखच तुझ्याकडे राहिला." बारकीने मिटलेल्या पापण्यांच्या फटीतून बघितलं आणि विचारलं, "मग ती?"

"ती मेली, बाळा. मधमाशी एकदाच डंख मारते. डंख तुटतो आणि ती मरते."

आणि बारकी रडायला लागली. सुईला रडली नव्हती, हातालाही नाही. त्या माशीसाठी रडली. मी तिला कडेवर घेऊन घरी येत होते आणि ती माझ्या मानेत तोंड खुपसून सारखं म्हणत होती, "मी नुसती हात लावायला गेले होते, आई. ती माझ्यामुळे मेली." दुसऱ्या दिवशी तिने त्या माशीचं चित्र काढलं होतं. पोटावरचे पट्टे बरोबर रंगवलेले, शेवटचा जरा गडद.

गांधीलमाशी डंख सोडून जात नाही. ती पुन्हा पुन्हा चावते आणि उडून जाते. आणि हे दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांनी कापूस बघितलाच नाही. त्यांनी पाहिलं ते नंतर काढलेलं पोळं, आणि त्यावरून स्वतःच्या मनात माशी जुळवली. दिव्यात जुळवलेल्या रंगासारखी. डॉक्टरांनी मला दाराबाहेर घेऊन जे सांगितलं तेही यांनी ऐकलेलं नाही. "पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही. वाट बघू नका."

मी फोन करणार आहे. आत्ता.

तिचं बसणं लवकर संपत नाही, हे मला माहीत आहे. थर, थांबणं, थर. अजून ती माशापर्यंतच आली असेल, डबी अजून बंद असेल, अशी आशा आहे. ती माझं नाव बघून कापेल. मी पुन्हा फोन लावेन. नाहीच उचलला तर चष्मिशला झोपेतून उठवेन, आणि बारकीचं लावून झालं असेल तर म्हणेन, पहिल्यांदा तिचं तोंड धू आणि तशीच गाडी बोलावून तिला दवाखान्यात ने, मी पोचतेच. उद्या बारकी त्या मोत्यांच्या बाईंसमोर लाल तोंडाने बसेल, सोललेल्या नाकाने बसेल, पण खिडकीपाशी बसून रंग तीच जुळवेल. त्यानंतर ती घरी आली नाही तर नाही आली. राग धरायला ती असली पाहिजे.

तिला 'लावू नकोस' म्हणायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे. 'मला वाटतं' तर नाहीच नाही. फोन उचलला की पहिल्याच दमात विचारायचं, बारके, मावशीच्या बागेतून घरी येताना माझ्या मानेत तोंड खुपसून तू कोणासाठी रडत होतीस?

तिला आठवेल. रंगसुद्धा आठवेल.

चष्मा पुसला. नंबर समोर आहे. मी आता लिहिणं थांबवते.